‘इनफ’ नेमकं कुठे लावायचं? नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी, गावाकडच्या वाक्यांतून

डिक्शनरीत इनफ पाहिलं की समोर ‘पुरेसा’ लिहिलेलं दिसते आणि बहुतेक पोट्टे-पोट्टी तिथेच फसतात. कारण पुरेसा हा शब्द आपण बोलताना वापरतच नाही ना. पेपरात असते, शाळेच्या पुस्तकात असते, ग्रामपंचायतीच्या ठरावात असते, ‘पुरेसा निधी उपलब्ध नसल्यामुळे’ वगैरे. घरात आपण म्हणतो पीठ पुरते का पाहा, एवढ्यात भागते, बस झालं आता, ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता आहे. ही सगळी वाक्यं इंग्रजीत नेली की प्रत्येकात इनफ येते, पण वाक्यातली जागा बदलत राहते, आणि ती जागा कोणती हे ‘पुरेसा’ कधीच सांगत नाही. ते ‘पुरते’ सांगते, ‘एवढा’ सांगते.

म्हणून इथे पुरेसा बाजूला ठेवून देऊ आणि आपल्याच बोलण्यातून एकेक पायरी चढू. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिलेले असोत की पुण्याला कंपनीत लागायचं म्हणून बोलायचं इंग्रजी शिकणारे असोत, दोघांनाही चालेल. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, त्यामुळे इंग्रजी ऑप्शनला टाकून अभ्यास करतो म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा. वाक्यातली चूक शोधा टाइपच्या प्रश्नात इनफची जागा उलटी करून देणं हा पेपर काढणाऱ्यांचा जुना धंदा आहे.

पायरी १: आधी म्हणायला शिका

उच्चार इ-नफ. जोर नफवर. इनाफ नाही, एनॉफ नाही. स्पेलिंग ई, एन, ओ, यू, जी, एच. शेवटच्या जी-एचचा फ होतो, जसा रफ, टफ, कफ, लाफ यांच्यात होतो. पण शेतकऱ्याच्या पोरांनी लक्षात ठेवा, प्लाऊ म्हणजे नांगर, त्याच्याही शेवटी तेच ओ-यू-जी-एच आहे आणि तिथे फ नाही. असं काऊन, तर हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्या जागी घशातून निघणारा आपल्या ख सारखा आवाज होता, पुढे काही शब्दांत त्याचा फ झाला आणि काही शब्दांत तो आवाजच गेला, स्पेलिंग मात्र जुनंच राहून गेलं. जर्मन भाषेत याच शब्दाचा भाऊ आहे, तो गेनूक असा म्हणतात. आता यात लॉजिक शोधत बसू नका, पाठ करून मोकळे व्हा.

पायरी २: कशाला पुरते ते आधी विचारा

ही पायरी कोणी शिकवत नाही आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे. क्विंटल हे माप आहे, लिटर हे माप आहे, इनफ हे माप नाही. इनफ म्हणजे गरजेपर्यंत पोचलं. विहिरीतलं तेच पाणी गुरांना पुरते आणि ओलिताला पुरत नाही. म्हणजे इनफ म्हणायच्या आधी मनात दोन प्रश्न पाहिजेत, कोणाला पुरते आणि कशासाठी पुरते.

पेरणीचंच घ्या. दर जूनमध्ये कृषी विभाग सांगून राहते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. आता समजा तुमच्याकडे ४० मिलिमीटर पडला. अंगणात चिखल व्हायला तो इनफ आहे, पांदण बंद पडायला इनफ आहे, पण पेरायला इनफ नाही. पाऊस तोच, उत्तरं तीन. इंग्रजीत म्हणाल, ‘देअर इज नॉट इनफ मॉइश्चर टू सो.’ सो म्हणजे पेरणे, स्पेलिंग एस-ओ-डब्ल्यू.

हवामान खात्याचा नॉर्मल शब्द आणि आपलं इनफ यांच्यात लोक घोळ करतात म्हणून इथेच सांगून टाकतो. खात्याच्या हिशोबात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त एवढ्या पट्ट्यात पाऊस असला की तो नॉर्मल, आणि २० ते ५९ टक्के कमी असला तर डेफिशियंट. हे सगळं सरासरीशी मोजलेलं आहे. इनफ हे पिकाच्या गरजेशी मोजतात. त्यामुळे सीझनचा पाऊस नॉर्मल आणि तरी ऐन फुलोऱ्यात तीन आठवडे खंड पडल्यामुळे सोयाबीनला इनफ नाही, हे दोन्ही एकाच वर्षी खरं असू शकते, आपण पाहतोच.

आणखी एक आपल्याकडचा शब्द, गंज. गंज लोक आले, गंज दिवस झाले. कोणी कोणी गंजचं भाषांतर इनफ करते, ते चूक आहे. गंज म्हणजे अ लॉट ऑफ किंवा प्लेंटी ऑफ. गंज लोक जेवायला आले आणि वाढायला मात्र इनफ लोक नव्हते, अशी पंगत कोणाच्या गावात झाली नसेल?

पायरी ३: वस्तू असेल तर इनफ आधी

पाणी, पैसे, मजूर, बारदाना, वेळ, वीज, जागा. म्हणजे नाम. नाम असलं की इनफ त्याच्या आधी लावायचं, आपल्या मराठीसारखंच, त्यामुळे इथे चुका कमी होतात.

‘वी हॅव इनफ वॉटर.’ पाणी आहे पुरेल एवढं.
‘वी डिडन्ट गेट इनफ वर्कर्स फॉर कॉटन पिकिंग.’ कापूस वेचायला मजूर पुरले नाहीत.
‘देअर वेअर नॉट इनफ गनी बॅग्ज, सो द सेंटर स्टॉप्ड बायिंग तूर.’ बारदाना संपला म्हणून केंद्रावरची तुरीची खरेदी बंद पडली. ज्याने गाडी लावून केंद्रापुढे रात्र काढली त्याला हे वाक्य पाठ करावं लागणार नाही.

इथे दोनच गोष्टी पाहायच्या. मोजता येणारी वस्तू असेल तर ती अनेकवचनी पाहिजे, इनफ चेअर नाही, इनफ चेअर्स. न मोजता येणारी असेल तर एस लावायचा नाही, इनफ वॉटर, इनफ मनी, इनफ इलेक्ट्रिसिटी. क्रियापदही त्याप्रमाणे, ‘इज देअर इनफ वॉटर?’ पण ‘आर देअर इनफ चेअर्स?’

रकमेचं मात्र वेगळं आहे, पाचशे रुपये हा एकच आकडा धरतात म्हणून ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’, आर नाही. अंतर आणि वेळ यांचंही तसंच, ‘टू अवर्स इज इनफ.’ हा परीक्षेतला आवडता खड्डा आहे, रुपीजला एस दिसला की हात आपोआप आरकडे जातो.

पायरी ४: गुण असेल तर इनफ नंतर

आता मेन गोष्ट. मोठा, रुंद, गार, पक्का, लवकर, जोरात, असे शब्द म्हणजे विशेषणं आणि क्रियाविशेषणं. यांच्यासोबत इनफ नेहमी नंतर येते. बिग इनफ, वाइड इनफ, फास्ट इनफ, अर्ली इनफ. इनफ बिग म्हटलं की संपलं, समोरच्याला समजेल पण वाक्य चूक.

आपल्या लोकांकडून ही चूक होते ती पुरेसामुळे. पुरेसा रुंद असं डोक्यात आलं की तोंडातून इनफ वाइड निघणारच. पण गावात पुरेसा रुंद कोण म्हणते? गावात म्हणतात, ‘ट्रॅक्टर जाईल एवढा रुंद.’ आता या तुकड्याचे तीन भाग पाडा. ट्रॅक्टर जाईल, एवढा, रुंद. आणि मागून पुढे वाचा. रुंद, एवढा, ट्रॅक्टर जाईल. वाइड, इनफ, फॉर अ ट्रॅक्टर. झालं! मराठी तुकडा उलट्या बाजूने वाचला की इंग्रजी तुकडा तयार मिळते, शब्दाला शब्द.

करून पाहा.

मोटर चालेल एवढं जास्त व्होल्टेज नाही. जास्त, एवढं, मोटर चालेल. ‘द व्होल्टेज इज नॉट हाय इनफ टू रन द मोटर.’ रात्री तीनला लाइन येते आणि मोटर गुणगुणते पण पाणी फेकत नाही, तेव्हाचं वाक्य.

मत देता येईल एवढा मोठा झाला. मोठा, एवढा, मत देता येईल. ‘ही इज ओल्ड इनफ टू व्होट.’ वय असेल तर बिग नाही, ओल्ड. अठरा वर्षांच्या पोराला ओल्ड म्हणायला विचित्र वाटते पण इंग्रजीत वयाचं माप ओल्डनेच सांगतात, दोन वर्षांचं लेकरूही टू इयर्स ओल्डच असते.

एसटी सापडेल इतक्या लवकर निघालो नाही. ‘वी डिडन्ट लीव्ह अर्ली इनफ टू कॅच द एसटी.’ बाहेरच्या माणसाशी बोलत असाल तर एसटीच्या जागी बस म्हणा, त्याला एसटी समजणार नाही.

ही उलटी वाचायची युक्ती फक्त गुणाला लागू आहे, हे विसरू नका. ‘पेरणी होईल एवढी ओल’ हे उलटं वाचलं तर मॉइश्चर इनफ टू सो असं निघते. जुन्या इंग्रजीत, कवितेत असं नामानंतरचं इनफ सापडते, टाइम इनफ वगैरे, पण आज असं कोणी बोलत नाही आणि परीक्षेत तर नकोच. ओल हे नाम आहे, तर पायरी ३ लावा, इनफ मॉइश्चर टू सो.

मंग नाम आणि गुण दोन्ही एकत्र आले तर? इथे मजा आहे. तुमच्याकडे कापूस भरायला बॅगा आहेत. ‘वी डोन्ट हॅव इनफ बिग बॅग्ज’ म्हणजे मोठ्या बॅगा आहेत पण कमी आहेत, संख्या पुरत नाही. ‘वी डोन्ट हॅव बिग इनफ बॅग्ज’ म्हणजे बॅगा गंज असतील पण साइज छोटा आहे. एक शब्द इकडचा तिकडे सरकला आणि दुकानदाराने वेगळाच माल पाठवला असं होऊ शकते. इनफ ज्याला चिकटून बसलं त्याचीच ते गोष्ट करते.

क्रियापदासोबतही ते नंतरच येते. ‘यू डोन्ट स्टडी इनफ.’ ‘शी डझन्ट ईट इनफ.’ आई-आजीचं हे वाक्य कोणत्याही भाषेत सारखंच असणार.

पायरी ५: फॉर आणि टी-ओवालं टू

दुसऱ्या पायरीत जे दोन प्रश्न विचारले होते त्यांची उत्तरं इथे बसतात. कोणाला पुरते याला फॉर, काय करायला पुरते याला टू.

‘धिस फूड इज इनफ फॉर फिफ्टी पीपल.’
‘ही इज स्ट्राँग इनफ टू लिफ्ट अ बॅग ऑफ युरिया.’ युरियाची बॅग आता ४५ किलोची येते, आधी ५० ची होती, तरी उचलायला दम लागतोच.

दोन्ही सांगायचे असले तर फॉर आधी, टू नंतर. ‘द रोड इज वाइड इनफ फॉर अ ट्रॅक्टर टू पास.’ फॉर टू असं जोडून बोलायचं नाही, ‘इनफ फॉर टू गो’ असं काही लोक बोलतात, ते सोडा.

एक बारीक जागा अशी की वाक्याच्या सुरुवातीला जी वस्तू सांगितली ती शेवटी इट लावून पुन्हा सांगायची नाही. ‘द वॉटर इज क्लीन इनफ टू ड्रिंक.’ इथेच थांबा. ड्रिंक इट म्हटलं की चूक.

परीक्षेत वाक्य बदला म्हणून इनफ काढून सो-दॅट वापरायला सांगतात. ‘द रोड इज सो वाइड दॅट अ ट्रॅक्टर कॅन पास.’ चालते, पण चव थोडी बदलते, सो वाइड मध्ये रस्ता चांगलाच रुंद आहे असं येते आणि वाइड इनफ मध्ये जाईल, भागेल, एवढंच. पेपरात दोन्ही सारखे धरतात, बोलताना नका धरू. आणि इनफच्या मागे दॅट लावायचं टाळा.

पायरी ६: डबल ओवालं टू

इनफच्या उलट बाजूला हा टू बसलेला आहे. याचा अर्थ गरजेच्या पुढे गेलं, नको तेवढं झालं, आणि त्यामुळे काम अडलं. ‘द रोड इज टू नॅरो फॉर अ ट्रॅक्टर’ आणि ‘द रोड इज नॉट वाइड इनफ फॉर अ ट्रॅक्टर’ या दोन्ही वाक्यांत ट्रॅक्टर धुऱ्यावरच थांबला आहे. एकात अडचणीचं नाव घेतलं, दुसऱ्यात काय कमी पडलं त्याचं. तहसीलमध्ये पांदण रस्त्याचा अर्ज इंग्रजीत कोणी करत नाही म्हणा, पण उदाहरण यापेक्षा जवळचं मिळणार नाही.

चहा फार गरम आहे, पिता येत नाही, ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक.’ या वाक्यात दोन टू आहेत, पहिला डबल ओचा, दुसरा सिंगल ओचा, लिहिताना पाहून लिहा. नॉट इथे नाही तरी अर्थ नकाराचाच आहे.

आपल्याकडे टू चा वापर कौतुकाला करतात, टू गुड, टू मच, म्हणजे लय भारी. मित्रांत चालते. पण साहेबाला ‘युअर प्रोजेक्ट इज टू बिग’ म्हटलं तर तो समजेल की नको एवढा मोठा केला. कौतुक करायचं तर व्हेरी वापरा. आणि व्हेरी इनफ असं काही नसते. वाढवायचं असेल तर मोर दॅन इनफ, म्हणजे पुरून उरलं. जेमतेम असेल तर जस्ट इनफ, त्याहून टेकीला आलं असेल तर बेअरली इनफ किंवा हार्डली इनफ.

पायरी ७: ऑफ कधी

ही छोटी आहे. नामाच्या आधी द, माय, धिस असं काही आलं, किंवा नामाऐवजी देम, इट, अस आलं, की मध्ये ऑफ लागते. ‘इनफ ऑफ द सीड्स’, ‘इनफ ऑफ देम.’ नुसतं नाम असेल तर ऑफ नाही, इनफ सीड्स. इनफ ऑफ सीड्स ही चूक खूप कॉमन आहे, बहुतेक अ लॉट ऑफ पाहून येते.

पायरी ८: एकटं इनफ, आणि कोणाला काय म्हणायचं

नाम-गुण काही नसताना इनफ एकटंही उभं राहते. पंगतीत बसलात, वाढणारा रोडगे आणि वांग्याची भाजी घेऊन तिसऱ्यांदा आला, आपण पत्रावळीवर हात आडवा धरतो आणि म्हणतो बस बस. इंग्रजीत ‘दॅट्स इनफ, थँक यू.’ थँक यू सोडू नका. मराठीत बस म्हणताना हसून, हात जोडून भागते, इंग्रजीत ते काम थँक यू करते.

‘आय हॅव हॅड इनफ’ हे वाक्य तर सांभाळूनच. जेवताना थँक यू लावून म्हटलं तर पोट भरलं. तेच ऑफिसात कपाळाला आठी घालून म्हटलं तर आता डोक्यावरून पाणी गेलं, सहन होत नाही. आपल्या ‘आता पुरे झालं’ चेही असेच दोन सूर आहेत, त्यामुळे समजायला अवघड नाही, फक्त नवीन भाषेत आपला सूर आपल्याला लवकर ऐकू येत नाही. ‘इनफ!’ एवढंच जोरात म्हणणं म्हणजे गप्प बस. लहान भावाला ठीक आहे, मोठ्या माणसाला, साहेबाला, मुलाखत घेणाऱ्याला कधीच नाही. ‘इनफ इज इनफ’ म्हणजे हद्द झाली, मोर्चाच्या फलकावर शोभते.

उलट विनंती करायची असेल तर इनफचाच एक मऊ उपयोग आहे, ‘वुड यू बी काइंड इनफ टू चेक माय फॉर्म?’ म्हणजे कृपा करून माझा फॉर्म पाहता का. थोडं पुस्तकी आहे पण ईमेलमध्ये छान बसते. आणि मनापासून आभार मानायचे असतील तर ‘आय कान्ट थँक यू इनफ’, म्हणजे कितीही आभार मानले तरी कमीच. हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटते, कान्ट थँक म्हणतो म्हणजे आभार मानत नाही की काय. तसं नाही बा.

ज्यात पुरण्याचा संबंधच नाही

काही जोड्या अशा आहेत की तिथे पुरते, भागते, एवढा यातलं काहीच लावून जमत नाही, अख्खी जोडीच शिकावी लागते.

फेअर इनफ. समोरच्याने कारण सांगितलं, आपल्याला सगळं पटलं असं नाही पण त्याचं म्हणणं मान्य आहे. बरं, ठीक आहे, हेही खरं. मालक म्हणतो पाऊस होता म्हणून गाडी नाही पाठवली, तुम्ही म्हणता फेअर इनफ.

शुअर इनफ. बोललो होतो तसंच झालं. ‘ही सेड द पॉवर वुड गो, अँड शुअर इनफ, इट डिड.’ लाइन जाईल म्हणाला आणि गेलीच पाहा.

स्ट्रेंजली इनफ, फनिली इनफ. नवल म्हणजे, गंमत म्हणजे. बहुतेक वेळा वाक्याच्या सुरुवातीला येतात आणि पुढे काहीतरी अनपेक्षित असते.

सफिशियंट, अ‍ॅडिक्वेट आणि बाकीचे भाऊबंद

सफिशियंट तुम्हाला आधीच माहीत आहे, पैसे पाठवताना मोबाइलवर ‘इनसफिशियंट बॅलन्स’ येते त्याच्यातला इन काढा. अर्थ इनफचाच, कपडे इस्त्रीचे. कागदावर, अर्जात, बँकेत, रिपोर्टमध्ये सफिशियंट, बोलताना इनफ. चहाच्या टपरीवर ‘धिस शुगर इज सफिशियंट’ म्हटलं तर चूक नाही, फक्त तहसीलदार बोलल्यासारखं वाटते.

माती परीक्षणाचं सॉइल हेल्थ कार्ड घरात असेल तर काढून पाहा, ही योजना २०१५ ला सुरू झाली आणि कार्डावर एकूण १२ गोष्टी तपासलेल्या असतात. त्यात जस्त, लोह, बोरॉन अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाबतीत सफिशियंट की डेफिशियंट हीच भाषा चालते, म्हणजे पुरेल एवढं आहे की कमी पडते. इथेही कशासाठी हा प्रश्न आहेच, पिकासाठी.

जागेचं मात्र सफिशियंटला इनफसारखं फिरता येत नाही. नामाच्या आधी ते बसते, सफिशियंट वॉटर. वाक्याच्या शेवटी बसते, द वॉटर इज सफिशियंट. पण गुणासोबत नाही, वाइड सफिशियंट अजिबात नाही, तिथे सफिशियंटली वाइड असं करावं लागते. त्यापेक्षा वाइड इनफ सोपं नाही का?

अ‍ॅडिक्वेट म्हणताना शेवटचा क्वेट लांबवू नका, अ‍ॅडिक्विटच्या जवळ ठेवा. अर्थ कामापुरतं. सोयीसुविधांबद्दल, पाणीपुरवठ्याबद्दल म्हटलं तर साधा शब्द आहे, पण माणसाच्या कामाबद्दल म्हटलं तर त्यात चालतंय-ठीकठाक असा वास येते. ‘हर वर्क इज अ‍ॅडिक्वेट’ हे कौतुक नाही, असं लिहून आलं तर पेढे वाटू नका. गुड इनफ मध्येही असंच थोडं आहे, काम भागेल एवढं चांगलं, एक नंबर नाही. अ‍ॅम्पल मात्र दिलदार शब्द, भरपूर, हात सैल सोडून. ‘अ‍ॅम्पल पार्किंग’ लिहिलेलं असते मंगल कार्यालयाच्या बोर्डावर आणि लग्नाच्या दिवशी गाड्या रोडवर असतात, तो भाग वेगळा.

आता स्वतः करा

खालची वाक्यं आधी तोंडाने करा, मंग लिहा, मंग उत्तर पाहा. प्रत्येकात आधी ठरवा, इनफ कोणाला चिकटणार, वस्तूला की गुणाला.

१. सोंगणीला मजूर पुरले नाहीत.
२. ही शिडी झाडापर्यंत पोचेल एवढी लांब नाही.
३. दोनशे रुपयांत भागते.
४. तो एवढा हुशार आहे की ही परीक्षा पास होईल.
५. संत्री तोडायला येतील एवढी पिकली नाहीत.
६. आमच्याकडे पुरेल एवढी मोठी ताडपत्री नाही.

उत्तरं अशी. पहिलं, ‘वी डिडन्ट गेट इनफ वर्कर्स फॉर द हार्वेस्ट.’ दुसरं, ‘धिस लॅडर इज नॉट लाँग इनफ टू रीच द ट्री.’ तिसरं, ‘टू हंड्रेड रुपीज इज इनफ’, इथे आर लिहिलं असेल तर पायरी ३ परत वाचा. चौथं, ‘ही इज क्लेव्हर इनफ टू पास धिस एक्झाम.’ मराठीत ‘की’ आहे म्हणून दॅट लावायचा मोह होतो, सो क्लेव्हर दॅट केलं असेल तरी बरोबर, क्लेव्हर इनफ दॅट केलं असेल तर नाही. पाचवं, ‘द ऑरेंजेस आर नॉट राइप इनफ टू पिक’, पिक देम नाही.

सहावं मुद्दाम शेवटी ठेवलं. ताडपत्री एकच हवी आहे आणि ती मोठी हवी आहे, म्हणजे इनफ मोठेपणाला चिकटणार. ‘वी डोन्ट हॅव अ बिग इनफ टारपॉलिन.’ तो ‘अ’ सगळ्यांच्या आधी येते, बिग इनफ अ टारपॉलिन असंही कुठे कुठे ऐकू येईल पण सध्या त्याच्या नादी लागू नका. आणि कोणी इनफ बिग टारपॉलिन्स लिहिलं असेल तर त्याने चूक इंग्रजी नाही लिहिलं, त्याने ताडपत्र्या कमी आहेत असं सांगितलं, सोयाबीनच्या गंजीवर पाणी पडून राहिलं असताना त्याला एकच मोठी पाहिजे होती एवढंच.